मिहराब आणि महिरप : मशिदीच्या वास्तूतले शब्द

प्रश्न : मशिदींच्या रचनेची तोंडओळख करून देणारा लेख लिहिते आहे. ‘मिहराब’ला मराठीत सरळ ‘महिरप’ म्हटलं तर चालेल ना? शब्द तर एकच दिसतो.

उत्तर : शब्द मुळात एकच, पण आज अर्थ दोन झालेत, आणि हा फरक जपायला हवा. फारसी-उर्दूत ‘मेहराब’चा अर्थ पसरत जाऊन कोणतीही कमान असा झाला. मराठीने तोच अर्थ उचलला. म्हणून आपल्याकडे दाराला महिरप असते, खिडकीला असते, आणि नागमोडी कंसालाही आपण महिरपी कंस म्हणतो. महिरप म्हणजे नुसती वळणदार रेषा, चौकट.

मशिदीतला मिहराब म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीत आत घेतलेला कोनाडा. त्याच्यावर बहुधा कमान असते, पण महत्त्व कमानीला नाही, दिशेला आहे. ती दिशा म्हणजे किब्ला. सुरुवातीला नमाज जेरुसलेमकडे तोंड करून होत असे, 624 साली ती मक्केकडे वळली. अर्धगोल, पोकळ मिहराब त्यानंतर बऱ्याच काळाने आला. आठव्या शतकाच्या आरंभी खलिफा पहिला वलीद याने मदिनेची मशीद नव्याने बांधली, तेव्हाचा मिहराब या प्रकारातला पहिला मानतात. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीत तर दहाव्या शतकात मिहराबाची चक्क छोटी खोली झाली, आणि तिच्या दर्शनी कमानीभोवती सोनेरी काचतुकड्यांची नक्षी आहे. तिथे ‘महिरप’ लिहिलंत तर वाचकाला फक्त ती कमान दिसेल, आतली खोली निसटेल. तेव्हा कोनाड्याला मिहराब, कमानीला महिरप किंवा कमान.

प्रश्न : मग ‘गाभारा’ कसा वाटतो? वाचकाला पटकन कळेल.

उत्तर : कृपा करून तो नको. पटकन कळेल, पण चुकीचं कळेल. गाभाऱ्यात मूर्ती असते, भक्त त्या एका बिंदूकडे जातो. मिहराबात काहीच ठेवलेलं नसतं आणि तो स्वतः पूज्यही नसतो. मशिदीत खरी सत्ता किब्ल्याच्या अख्ख्या भिंतीची. नमाजाच्या रांगा तिला समांतर उभ्या राहतात, म्हणून सीरियातल्या दमास्कसच्या उमय्यद मशिदीसारख्या जुन्या दालनांची रुंदी खोलीपेक्षा कितीतरी जास्त असते. हे एकदा ध्यानात आलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. इराणमधल्या इस्फहानची शाही मशीद पाहा. 1611 साली काम सुरू झालं तेव्हा तिचं प्रवेशद्वार समोरच्या चौकाच्या रेषेत ठेवलं, पण आत जाताच सगळी इमारत सुमारे 45 अंशांत वळते, कारण चौक एका दिशेला आणि किब्ला दुसऱ्या. इतकं मोठं वळण एका भिंतीसाठी! मला इस्लामी वास्तुकलेतला हा सर्वांत सुंदर निर्णय वाटतो.

याच ओघात आणखी एक. ‘मशिदी पश्चिमाभिमुख असतात’ असं सरसकट लिहू नका. ते भारतापुरतं ठीक. कैरोत किब्ला आग्नेयेला आहे, इस्फहानमध्ये नैर्ऋत्येला. ‘मक्केच्या दिशेने’ एवढंच लिहा.

प्रश्न : मिनार आणि मनोरा यांतही असाच फरक आहे का?

उत्तर : दोन्ही अरबी ‘मनारा’चे वंशज, मूळ अर्थ उजेडाची जागा. मराठीत मनोरा कशाचाही असतो, दूरचित्रवाणीचासुद्धा. मशिदीच्या संदर्भात मी मिनार लिहीन, पण मनोरा चूक नाही. लेखात हे मात्र जरूर सांगा की मदिनेच्या पहिल्या मशिदीला मिनार नव्हता. पैगंबरांचे सहकारी बिलाल छपरावरून अजान देत. पुढे मिनारांनी प्रत्येक प्रदेशाचं रूप घेतलं. इराकमधल्या समाराचा नवव्या शतकातला मिनार शंखासारखा वळत सुमारे 52 मीटर चढतो.

घुमटाचंही तसंच. सिनान या स्थपतीने तुर्कस्तानातल्या एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीवर सुमारे 31 मीटर व्यासाचा घुमट पेलून दाखवला, तर इस्लामाबादच्या फैसल मशिदीला घुमटच नाही, तंबूसारखं तिरकं छप्पर आहे. उलट विजापूरचा गोल घुमट ही मशीद नव्हे, मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. अशा वास्तूला मकबरा म्हणतात. घुमट दिसला की मशीद, हा समज तुमच्या लेखाने मोडला तर फार बरं होईल.

प्रश्न : ‘जामा’ की ‘जुम्मा’? आणि सहन, हौज, मिंबर हे शब्द तसेच ठेवू?

उत्तर : जामा मशीद. ‘जामि’ म्हणजे एकत्र आणणारी, शुक्रवारची मोठी सामूहिक नमाज जिथे होते ती. जुम्मा हे वाराचं नाव, धातू तोच, म्हणून गोंधळ होतो.

‘सहन’ मराठी डोळ्याला सोसण्याचाच दिसणार, तेव्हा अंगण लिहा. (गुलबर्ग्याच्या किल्ल्यातल्या 1367 च्या जामा मशिदीत अंगणच नाही, सगळी जागा छपराखाली आहे. अपवाद म्हणून घेण्याजोगं उदाहरण.) हौज म्हणजे आपला हौदच, त्याच अरबी शब्दापासून आलेला, वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या पाण्यासाठी हौद लिहायला अजिबात संकोच नको. मिंबर मात्र तसाच ठेवा. ‘व्यासपीठ’ म्हटलं की सपाट मंच डोळ्यांपुढे येतो, आणि मिंबर म्हणजे मिहराबाच्या उजव्या बाजूचा पायऱ्यांचा उंचवटा, जिथून इमाम शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, देतो. पहिल्यांदा शब्द येईल तिथे अर्ध्या वाक्यात अर्थ द्या, पुढे वाचक आपसूक सरावतो.