सिक्युरिटी चेकिंगने आपण खरंच सुरक्षित होतो का? तुमचे अनुभव लिहा

मागच्या विमानप्रवासात एअरपोर्टवर सिक्युरिटीला माझी अर्धी भरलेली पाण्याची बाटली काढून घेतली, ठीक आहे, नियम आहे. पण घरी येऊन बॅग रिकामी केली तर तळाच्या कप्प्यात खोकी कापायचं कटर निघालं, कधीतरी सामान हलवताना टाकलेलं आणि विसरलेलं. म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा ते मशीनमधून गेलं आणि कुणालाच दिसलं नाही. अंगावर काटाच आला हो, ११ सप्टेंबर २००१ ला अपहरणकर्त्यांकडे असलीच छोटी पाती होती. तुम्हाला काय अनुभव आलेत? बाजूने, विरुद्ध, दोन्ही लिहा, फक्त ऐकीव नको.

~

माझी क्रीमची ट्यूब १५० मिलीची, आत जेमतेम बोटभर क्रीम, तरी कचऱ्यात गेली कारण बघतात ते ट्यूबवर छापलेलं माप. पुढच्याच एअरपोर्टवर नवीन सीटी स्कॅनर होता, तिथे म्हणाले काही काढू नका, सगळं बॅगेतच राहू दे. हा द्रवपदार्थांचा नियम आला तो २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला त्यानंतर. पण ती माणसं बाटली तपासताना सापडली नव्हती ना, पोलिसांची त्यांच्यावर आधीपासून पाळत होती. मला वाटतं खरं काम तिथे झालं.

~

मी सहा वर्षं त्या स्क्रीनसमोर बसलेय म्हणून कटरबद्दल लिहिते. आम्हाला कपडे, खाणं, कागद असलं सगळं नारिंगी दिसतं, धातू निळा आणि मधलं काहीबाही हिरवं. कटर सपाट पडलं असेल तर लगेच कळतं, पण धारेवर उभं राहिलं की नुसती रेघ दिसते आणि चार्जरच्या वायरींच्या गुंत्यात ती रेघ हरवते. नवीन थ्रीडी मशीनवर बॅग सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येते, जुन्यावर तसं जमत नाही. मधूनच सिस्टिम स्वतः खोट्या पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं चित्र बॅगेत घालते, आम्ही जागे आहोत का बघायला, आणि साधारण वीस मिनिटांनी माणूस बदलतात कारण त्यानंतर डोळे बघतात पण डोकं बघत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गुप्त चाचण्यांत ७० पैकी ६७ वेळा वस्तू आत गेल्याची बातमी आली तेव्हा मला खूप लागलं होतं ते. आम्ही चुकतो, मान्य. पण मागे रांग वाढली की वरून "हात चालवा" सुरू होतं, तेव्हा त्या रेघेकडे दोन सेकंद जास्त बघायची हिंमत आम्हाला द्यायला हवी.

~

हँडक्रीम लावून गेले आणि स्फोटकांचे कण शोधायला हातावरून फिरवलेल्या कापडाने मशीन वाजलं. ग्लिसरीनमुळे होतं म्हणे असं. वीस मिनिटं वेगळ्या खोलीत. घाबरले खूप, पण तपासलं त्याचा राग नाही.

~

माझ्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे, इन्सुलिन पंप लावलेला असतो. तो एक्स-रेमधून न्यायचा नाही असं कंपनीने लिहून दिलंय, आम्ही डॉक्टरांचं पत्रही दाखवलं, तरी तिथली बाई पंप काढून ट्रेमध्ये ठेवा म्हणत हटूनच बसली. मुलगी रडायला लागली. सुपरवायझर आला, त्याने दोन मिनिटांत हाताने तपासून सोडलं. नियमात सोय आहे, पण समोरच्याला ती माहीत नसेल तर काय उपयोग?

~

सगळे विरोधात लिहितायत म्हणून माझं. विमानाच्या शिडीपर्यंत लोक सोडायला यायचे त्या काळात मी प्रवास केलाय. १९६८ ते १९७२ मध्ये एकट्या अमेरिकेत शंभरावर अपहरणाचे प्रकार झाले, १९७३ च्या जानेवारीत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि ते झपाट्याने कमी झाले. चाळणीला भोकं असतील पण चाळणीच काढून टाका म्हणू नका.

~

केबिन क्रू आहे. २००१ नंतर सगळ्यात मोठा फरक पडला तो कॉकपिटच्या भक्कम दरवाजाने, आणि मार्च २०१५ ला आल्प्समध्ये त्याच बंद दरवाजाआड सहवैमानिकाने विमान डोंगरावर घातलं, दीडशे माणसं गेली, तेही विसरता येत नाही. रोजची भीती मात्र मला पॉवर बँकची वाटते. चेक-इन बॅगेत टाकू नका असं सांगतात ते खरंच ऐका, वर पेटली तर आम्ही विझवू शकतो, खाली सामानात पेटली तर हात पोचत नाही.

~

मला भीती रांगेचीच वाटते. २०१६ च्या मार्चमध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते चेकिंगच्या आधीच्या हॉलमध्ये. परवा दीड तास तशाच गर्दीत मुलाला कडेवर घेऊन उभी होते आणि तेच डोक्यात.

~

धागा काढणारी मीच. स्क्रीनवाल्या ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून बॅग परत बघितली, तळाचा तो कप्पा चार्जरचाच, कटर खरंच त्यातच उभं अडकलं होतं. आता भरायच्या आधी बॅग पलंगावर पूर्ण उपडी करते. अजून कुणी स्क्रीनवर काम केलं असेल तर लिहा ना, रांग वाढली की नक्की काय होतं ते.