'शीघ्र हस्तक्षेप' आणि 'कुटुंबकेंद्रित': साधा शब्द सुचवा

अंगणवाडी सेविका आणि पालक दोघांना वाचता येईल असं चार पानी पत्रक मराठीत करतेय, मूळ मजकूर अमेरिकेतला. विषय तीन वर्षांच्या आतली मुलं, ज्यांचं चालणं-बोलणं मागे पडलंय अशी. 'अर्ली इंटरव्हेन्शन'ला सरकारी मराठीत 'शीघ्र हस्तक्षेप' आहे पण ते लिहवत नाहीये. आणि 'फॅमिली सेंटर्ड'चं मी 'कुटुंबकेंद्रित' केलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सगळं बायकोवर टाकायचं का?" त्यांच्या घरात जुनी माणसं 'आमचं कुटुंब' म्हणायची ते बायकोलाच. आधी हसले, मग वाटलं बरोबरच बोलल्या की, थेरपीला मूल घेऊन बसलेल्या बघा, नव्वद टक्के आयाच असाव्यात (मोजल्या नाहीत, डोळ्यांचा अंदाज).

—

शीघ्र म्हणजे भरभर हो, लवकर नव्हे. शीघ्रकवी, शीघ्रकोपी. 'शीघ्र कृती दल' म्हटलं की दंगल आठवते, आता त्याला हस्तक्षेप जोडा, म्हणजे घरात पोलीसच घुसले. शिवाय हस्तक्षेप आपण 'माझ्या कामात हस्तक्षेप नको' असाच वापरतो, चांगल्या अर्थाने कुणी करतं का? २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्याच्यासोबत जिल्ह्याजिल्ह्यात अशा मुलांसाठी 'शीघ्र हस्तक्षेप केंद्रं' आली आणि शब्द चिकटला. 'वेळीच मदत' लिहा की सरळ.

—

वेळीच मदत +१, फक्त केंद्राचं नाव बदलू नका, पाटीवर जे आहे तेच पत्रकात हवं नाहीतर लोक शोधत फिरतील.

—

मी फिजिओ आहे, दुसऱ्या शब्दाबद्दल, 'फॅमिली सेंटर्ड'बद्दल बोलते. लोक त्याचं 'पालक सहभाग' करतात आणि तिथेच घोळ होतो. सहभाग म्हणजे बेत आमचा, तुम्ही त्यात या. मी पण आधी तेच करायचे, दहा व्यायामांचा कागद हातात द्यायचा आणि पुढच्या वेळी 'का नाही केलं' म्हणून आईला झापायचं. मूळ कल्पना उलटी आहे, घरच्यांना विचारायचं की तुमचा दिवस कसा जातो, कुठे अडतं, तुम्हाला आधी काय हवंय. एकीला मुलाने चालण्यापेक्षा आधी जेवताना नीट बसावं एवढंच हवं होतं, तर सुरुवात तिथून. बोटांच्या पकडीसाठी वेगळा व्यायाम कशाला, आजी मटार सोलते तिच्याजवळ बसवा, कणकेचा गोळा द्या हातात (दाणे तोंडात घालत नाही ना एवढं बघा). अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जो लेखी आराखडा आणला त्याच्या नावातच 'फॅमिली' आहे, 'इंडिव्हिज्युअलाइज्ड फॅमिली सर्व्हिस प्लॅन'. मूल तीन वर्षांचं झालं की सहसा दुसरा आराखडा लागतो, त्याच्या नावातून फॅमिली जाते आणि एज्युकेशन येतं.

—

मग 'घर धरून' कसं वाटतं? आपण 'सगळ्यांना धरून चालतो' म्हणतोच. आणि शब्द घडवायला घाबरू नका, बोर्डीला (पालघर जिल्ह्यात) बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी मुलांची शाळेत वाट बघत न बसता बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली म्हणून अंगणवाडी. १९७५ ला अंगणवाड्यांची सरकारी योजना आली ती पुढे घरोघरी पोचली, पण नावात अंगण आधीपासून होतं, 'अंगणकेंद्रित बालसेवा' म्हटलं असतं तर चाललं असतं का?

—

'घर धरून' छान आहे पण शीर्षकात लोंबकळतं. मी असं केलंय, शीर्षक 'वेळीच मदत, घरच्यांच्या मताने' आणि आत पहिलं वाक्य 'ताई घरी आल्या की आधी तुम्हाला विचारतील, मग सांगतील.' कुटुंबकेंद्रित हा शब्दच उडवला.

—

विचारतील-मग-सांगतील मस्त. 'मताने' मात्र कुणाच्या, हे घराघरावर आहे, सासऱ्यांच्याच मताने झालं तर आईला कोण विचारणार. बाय द वे पहिल्या पानावर चित्र कुणाचं आहे?

—

आत्ता उघडून बघितलं. पदर घेतलेली आई आणि बाळ. छापखान्यात फोन करते, बाबा आणि आजोबा कुठे मिळतायत का बघते.