उत्तर: शनिवारचा केक, आतल्या काड्यांचं काय?

प्रेषक: सेक्रेटरी
मंडळी, पास्तेलेरियातून, म्हणजे केकच्या दुकानातून, आत्ताच फोन आला. नानांच्या पंच्याहत्तरीच्या दोन मजली केकमध्ये आधाराला लाकडी काड्या असणार आहेत. चालेल म्हणणारच होते, तेवढ्यात दुकानातल्या बाईंनी विचारलं, "मोर्दिदा करणार का?" करणार असाल तर काड्यांचा केक देत नाही म्हणाल्या. तोंड केकात दाबताना एखादी डोळ्यात गेली तर? संध्याकाळी सहापर्यंत कळवायचंय. आगाऊ रक्कम भरलेली आहे.

प्रेषक: पिंकीची आई
मोर्दिदा नकोच. पंच्याहत्तरीच्या माणसाचं तोंड केकात दाबायचं, तेही औक्षणाच्या तबकाशेजारी? गेल्या वर्षी तो खाऊ भरलेला पिन्याता काठीने फोडायला गेलो, विसरलात वाटतं. त्या फुटलेल्या ट्यूबलाइटचे पैसे मंडळ अजून फेडतंय.

प्रेषक: खजिनदार
फेडून झाले. मार्चच्या हिशेबात आहे. कोणी वाचत नाही.

प्रेषक: चापालितावाले भाऊ
नको म्हटलं तरी ऐकणार कोण? नानांच्या गल्लीतली निम्मी माणसं येतायत. 'लास मान्यानीतास' हे वाढदिवसाचं गाणं म्हणून झालं, मेणबत्त्या विझल्या, की पोरं "मोर्दिदा! मोर्दिदा!" सुरू करणारच. हात पाठीमागे, पहिला घास थेट तोंडाने, आणि मान खाली गेली रे गेली की मागून कोणीतरी ढकलतं. इथे मेक्सिकोत, ग्वादालाहारात आलो त्या वर्षी मला कोणी बोललं नव्हतं. ऑफिसात वाकलो तो नाकात क्रीम, चष्मा केकात. ढकललं साहेबाने, चष्मा पुसून दिला तोही साहेबानेच. तोवर 'उस्तेद' म्हणजे अहो-जाहो चालायचं, दुसऱ्या दिवसापासून अरे-तुरे.

प्रेषक: नवीन सभासद (सापोपान)
मोर्दिदा म्हणजे चावा, हे मला उशिरा कळलं. इथे लाचेलाही हाच शब्द आहे ना, मला तेवढाच अर्थ माहीत होता. घरमालकीण म्हणाली, "रविवारी मुलाची मोर्दिदा, या." मी पाकिटात ५०० पेसो घालून गेलो. तिला वाटलं आहेर आहे. ठेवून घेतले.

प्रेषक: खजिनदार
मंडळाकडून असलं काही द्यायचं असेल तर पावती लागेल.

प्रेषक: माई
नवऱ्या मुलाचा कान पिळतात तेव्हा कुठे कोणाचा अपमान होतो? ज्याचं कौतुक त्याचीच थोडी फजिती, तसंच हे.
आणि दोन मजली हवाच कशाला? त्रेस लेचेस सांगा. ट्रेमधला एकच थर, काडीबिडी काही नाही. स्पंजला टोचे मारून आटवलेलं दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि क्रीम मुरवतात. चमचा दाबला की कडेने दूध सुटतं, थेट रसमलाई. अंडं न खाणाऱ्यांसाठी मी दह्यातला करून आणते.

प्रेषक: पिंकीची आई
माई, गोडाचं यंदा माझ्याकडे आहे, बैठकीत ठरलंय. श्रीखंड आहे. त्यात आणखी दह्याचं कशाला?

प्रेषक: खजिनदार
त्रेस लेचेस निथळतो. गालिच्यावर सांडला तर डिपॉझिट गेलं. हॉल माझ्या नावावर घेतलाय.

प्रेषक: माई
श्रीखंडात तोंड दाबणार आहात का नानांचं?

प्रेषक: सेक्रेटरी
साडेपाच वाजले.

प्रेषक: नाना
ज्याचं तोंड त्याला कोणी विचारलंत का? त्रेस लेचेस सांगा. खाली जुनी चादर अंथरा. औक्षण आधी उरकून घ्या, नंतर कुंकू लावायला कपाळ सापडायचं नाही. चष्मा आणि कवळी मी हिच्याकडे देऊन ठेवीन.
शेजारी मला 'दोन नाना' म्हणतात. त्यांचं 'दोन' म्हणजे आपलं राव. पण नात रोज विचारते, दुसरे नाना कुठे आहेत? तर ढकलायचं तिनेच, दुसऱ्या कोणी पुढे यायचं नाही. पाच वर्षांची आहे, वरून ढकलायला हात पुरायचा नाही. स्टूल कोणाकडे आहे?

प्रेषक: चापालितावाले भाऊ
होतं. हळदीकुंकवाला मंडळाने नेलं, ते अजून परत आलेलं नाही.