घरातल्या सगळ्यांचं मिळून एकच ऑनलाइन कॅलेंडर: खरंच कामाचं की नुसतं खूळ?

यावलची सून
सरळ मुद्द्यावर येते. आमचं घर असं पसरलेलं: मी आणि हे यावलला, मोठे दीर जळगावात, धाकटे पुण्यात, नणंद दुबईत. आबांचं डायलिसिस जळगावला, मंगळवार आणि शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास जातातच. कोण नेणार, कोण बसणार हे फॅमिली ग्रुपवर ठरतं आणि ठरलेलं दुपारपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आणि कोणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोंखाली गाडलं जातं. मागे असं झालं की शुक्रवारी दोघं भाऊ दारात हजर आणि पुढच्या मंगळवारी कोणीच नाही. त्यात शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, केळीला ठिबकमधून खत सोडायचे वार, व्यापाऱ्याची गाडी, पोरीचे क्लास, लग्नसराईचं तर विचारूच नका. माझं मत पक्कं आहे, ग्रुप गप्पांना ठीक, तारखांसाठी एकच कॅलेंडर पाहिजे, एकाने टाकलं की सगळ्यांच्या फोनवर दिसलं पाहिजे. अडचण अशी की घरात अँड्रॉइड पण आहेत, आयफोन पण आहेत आणि दिरांच्या दुकानात जुना विंडोजचा पीसी आहे. फुकटातलं, मराठीत लिहिता येईल असं काय आहे? आणि तुमच्या घरी लोक ते खरंच उघडून बघतात का तेही सांगा, कारण आमच्या यांच्या मते हे सगळं ऑफिसवाल्यांचं खूळ आहे.

पांझराकाठ
ताई, फोन वेगवेगळे असले की गूगल कॅलेंडर घ्यायचं, यात वाद नाही. पण स्वतःचं जे आधीपासून असतं ते शेअर करू नका, नाहीतर तुमच्या ब्युटी पार्लरच्या अपॉइंटमेंटपासून सगळं दिरांना दिसेल. वेगळं नवीन कॅलेंडर काढा, नाव द्या 'घर'. हे फोनच्या अ‍ॅपमधून करायला जाऊ नका, दुकानातल्या पीसीवर ब्राउझरमध्ये करा, शेअर करायचं सेटिंग तिथे नीट मिळतं. मग एकेकाचा जीमेल टाकून परवानगी द्यायची. नुसतं 'बिझी आहे' एवढंच दिसावं, सगळं दिसावं, बदल करता यावा, आणि बदल करून दुसऱ्यालाही जोडता यावं, अशा चार पायऱ्या असतात. भावांना तिसरी द्या, चौथी स्वतःकडे ठेवा.

आयफोनवाल्यांना सरळ गूगल कॅलेंडरचं अ‍ॅप टाकायला सांगा. त्यांना आयफोनचं स्वतःचं कॅलेंडरच पाहिजे असेल तर गूगल अकाउंट जोडता येतं, पण दुसऱ्याने शेअर केलेलं कॅलेंडर तिथे आपोआप येत नाही, गूगलच्या सिंक सिलेक्टच्या पानावर (कोणती कॅलेंडरं आयफोनवर दिसावीत ते तिथे निवडतात) जाऊन टिक करावं लागतं. निम्मी माणसं इथेच 'माझ्याकडे काही दिसतच नाही' म्हणून सोडून देतात.

भिंतीवरचं बरं
वहिनी, इतला ताण कसाले लेतस? कालनिर्णय 1973 पासून चालू आहे, रिचार्ज लागत नाही, सिंक व्हायला नेट लागत नाही. दूधवाल्याच्या खाड्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं त्या चौकोनात बसतं. येता-जाता दिसतं हा त्याचा मोठा गुण, फोनमधलं आधी फोन हातात घ्या, लॉक काढा, अ‍ॅप उघडा, तोवर पोरगं रील दाखवतं आणि आपण कशाला फोन घेतला होता तेच विसरतो. आबांचं डायलिसिस लाल पेनाने लिहा, खाली कोण नेणार त्याचं नाव, आणि महिना लागला की पानाचा फोटो ग्रुपवर पिन करा. झालं काम.

पांझराकाठ
फोटो काढल्यावर जो बदल होतो त्याचं काय दादा? दर बदलाला नवा फोटो? मग पुण्यातला भाऊ जुना फोटो बघून सुट्टी टाकतो. यावलच्या भिंतीवर लाल पेन चाललं हे दुबईत कोणाला कळणार?

भिंतीवरचं बरं
दुबईवालीला कळून काय करणार, ती काय आबांना नेणारे का.

दुबईची नणंद नाही पण दुबईतच
हे वाक्य वाचून राग आला म्हणून लिहितेय. नेत नसले तरी फोन कधी करायचा, पैसे कधी पाठवायचे, तिकीट कोणत्या आठवड्याचं काढायचं हे त्या कॅलेंडरवरच ठरतं. माझं माहेर शिरपूरचं, आमच्याकडे असं कॅलेंडर चालू आहे आणि आईची तपासणी झाली का हे विचारायला मला तीन जणांना फोन लावावे लागत नाहीत.

एक गोष्ट सांगते जी तिकडे बसून लक्षात येत नाही. सकाळी अकराची अपॉइंटमेंट मला साडेनऊला दिसते, ते बरोबरच आहे, दुबई दीड तास मागे. पण वाढदिवस किंवा सणवार कोणी रात्री बाराची वेळ घालून टाकला तर माझ्याकडे तो आदल्या दिवशी रात्री साडेदहाला येतो. असल्या गोष्टी 'ऑल डे' करूनच टाकायच्या, मग जगात कुठेही बसा, तारीख तीच राहते.

शेवभाजी विथ वायफाय
मी टाइमट्रीच्या बाजूने. जपानी कंपनीचं अ‍ॅप आहे, 2015 चं, बनवलंच आहे सामाईक वापरासाठी, म्हणजे गूगलसारखं आधी ऑफिस आणि मग घर असं नाही. प्रत्येक नोंदीखाली कमेंट करता येते, 'मी निघालो', 'फाईल कपाटात वरच्या फळीवर आहे' हे तिथल्या तिथे. फुकटात जाहिराती येतात, तेवढं सहन करायचं. अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर तिन्हीकडे चालतं.

पांझराकाठ
चांगलं आहे, नाही म्हणत नाही, पण अजून एक अकाउंट, अजून एक पासवर्ड. खेड्यातल्या घरात नवं अ‍ॅप पहिल्या आठवड्यात सगळे उघडतात आणि चौथ्या आठवड्यात एकटी काढणारी उघडते. गूगलचं निदान अँड्रॉइडवर बहुतेक आधीच बसलेलं असतं.

कुलूपबंद
सगळे गूगल गूगल करताय, आबांचं डायलिसिस कोणत्या हॉस्पिटलात, घरी कोण कधी नसतं, पोरगी क्लासहून किती वाजता सुटते, हे सगळं एका जाहिरात कंपनीच्या हवाली करायचं? प्रोटॉन कॅलेंडर आहे, नोंदी एन्क्रिप्टेड राहतात, म्हणजे कंपनीलाही वाचता येत नाहीत. किंवा घरी छोटा कॉम्प्युटर ठेवून नेक्स्टक्लाउड चालवा, म्हणजे कॅलेंडर आपल्याच मशीनवर राहतं, ते फोनशी जुळवायला अँड्रॉइडवर डॅव्हएक्सफाइव्ह अ‍ॅप टाका, आयफोनला तर कॅलडॅव्ह आधीपासून येतं. कॅलडॅव्ह म्हणजे कॅलेंडर सिंक करायची खुली पद्धत, 2007 पासून ठरलेली, कोणा एका कंपनीची नाही. आज ना उद्या कंपनी अटी बदलते तेव्हा आपला डेटा आपल्याकडे असतो.

भुसावळ जंक्शन
भाऊ, यावलला घरी सर्व्हर? लाईट गेली की आख्ख्या खान्दानाचं कॅलेंडर बंद 😄 आणि बिघडलं की पुण्याहून कोणी यायचं दुरुस्त करायला? प्रोटॉनमध्ये दुसऱ्याला शेअर करायला पैसेवाला प्लॅन लागतो, तेही त्यांना सांगा की.

पण तुमच्या म्हणण्यात एक तथ्य आहे. कॅलेंडर 'पब्लिक' करायचं बटण चुकूनसुद्धा दाबू नका. आणि त्यात जी सीक्रेट आयकॅल लिंक मिळते ती ग्रुपवर टाकू नका, ज्याच्या हाती लिंक त्याला सगळं दिसतं. चुकून गेलीच तर सेटिंगमध्ये रीसेट होते, जुनी बाद होते. शिवाय अशी लिंक दुसऱ्या कॅलेंडरला जोडली तर बदल लगेच येत नाहीत, गूगल स्वतःच बारा तासांपर्यंत लागू शकतात म्हणतं. सकाळी बदललेली डायलिसिसची वेळ रात्री दिसून काय उपयोग. म्हणून लिंक नाही, जीमेल टाकूनच शेअर करा.

आखाजीला माहेरी
तुम्ही सगळे डायलिसिस आणि ऑफिसच्या मीटिंगा टाकताय, पण आपल्याकडच्या निम्म्या तारखा इंग्रजी तारखेने चालतच नाहीत त्याचं काय? आपल्या खान्देशातला कानबाईचा सण घ्या. नागपंचमीनंतरचा रविवार. 2023 ला 27 ऑगस्टला आली कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता, 2024 ला 11 ऑगस्ट, 2025 ला 3 ऑगस्ट. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 2024 ला 10 मे, 2025 ला 30 एप्रिल, 2026 ला 19 एप्रिल. चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी लहान, म्हणून दरवर्षी मागे सरकतं आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी. कोणी हौसेने 'दरवर्षी रिपीट' लावून ठेवलं तर रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू दळायचे एका आठवड्यात आणि कानबाई दुसऱ्या. सासऱ्यांचं श्राद्ध तर तिथीनेच, तिथे फोन काय करणार?

भिंतीवरचं बरं
एकदम बरोबर ताई! म्हणूनच म्हणतो, भिंतीवरचं.

तापीकाठचा मास्तर
दोघांनाही थांबवतो. नवं कालनिर्णय घरात आलं की मी एका रविवारी बसतो आणि घरातल्या तिथ्यांची त्या वर्षाची यादी एक्सेलमध्ये करतो. कानबाई, आखाजी, पोळा, सारंगखेड्याची यात्रा, आजोबांची तिथी, तुळशीचं लग्न. त्याची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाईल करून पीसीवरून गूगल कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करतो, वेगळं कॅलेंडर, वेगळा रंग. रिपीट अजिबात लावत नाही. भिंतीवरचं आणि फोनमधलं यांचं भांडण तुम्ही लावताय, माझ्याकडे एकातलं दुसऱ्यात जातं.

ज्यांच्या घरी आबा-आजी फोन बघत नाहीत त्यांनी महिन्याचं पान ब्राउझरमधून प्रिंट काढून भिंतीवर लावावं, छापायला पीसी लागतो, तो तुमच्या दिरांच्या दुकानात आहेच. मधे बदल झाला तर पेनाने खोडायचं, आबांना दोनच वार बघायचे असतात.

यावलची सून
मास्तर, हे आवडलं. पण आता मला खरं टोचतंय ते बोलते. एवढे सगळे कोणतं अ‍ॅप, कोणती परवानगी सांगताय, भरणार कोण हे कोणीच बोललं नाही. मी घरी विचारलं तर तिघंही म्हणाले, वहिनीच भरेल, तिला टाइप पटकन येतं. म्हणजे आधी ग्रुपवर मी आठवण करून द्यायची, आता अ‍ॅपमध्ये करून द्यायची. मग ते सामाईक कसलं?

पांझराकाठ
सुरुवातीला एकानेच भरलेलं बरं असतं ताई, नाहीतर एकच गोष्ट तिघं टाकतात आणि आबांचं एकाच दिवशी तीनदा डायलिसिस दिसतं. बदलाची परवानगी सगळ्यांना दिली की कोणीतरी एक मंगळवार काढायला जातो आणि सगळेच मंगळवार उडवतो.

आखाजीला माहेरी
ही पळवाट आहे दादा. रिपीटवाली नोंद काढताना ते विचारतं, फक्त ही, ही आणि पुढच्या, की सगळ्या. वाचून दाबायचं. आणि उडालंच तर महिनाभर बिनमध्ये राहतं, पीसीवरून परत आणता येतं. ट्रॅक्टरचा हप्ता बरोबर लक्षात राहतो त्या माणसांना तीन पर्याय वाचता येत नाहीत हे मला पटत नाही.

भुसावळ जंक्शन
इथे मी ताईंच्या बाजूने. आमच्याकडे नियम एकच, ज्याचं काम त्याने टाकायचं. डायलिसिसला ज्याची पाळी त्याचं नाव नोंदीच्या शीर्षकात सुरुवातीलाच, 'मोठे भाऊ: आबा, जळगाव'. अदलाबदल करायची तर ज्याला जमत नाही त्याने दुसऱ्याला फोन करून नाव बदलायचं, मधे वहिनी नाही. लाईटच्या पाळ्या शेत बघणाऱ्याने, क्लासच्या वेळा पोरीने. चौदा वर्षांची पोरगी हे आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं करते.

दोन बारक्या गोष्टी. एक, अ‍ॅपमध्ये प्लस दाबलं की 'टास्क' आणि 'इव्हेंट' दोन्ही येतं, टास्क टाकलं तर ते फक्त टाकणाऱ्यालाच दिसतं, कॅलेंडर शेअर केलेलं असलं तरी. दुसरं, तुम्ही लावलेलं रिमाइंडर तुमच्याच फोनवर वाजतं. प्रत्येकाला 'घर' कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन आपापलं नोटिफिकेशन लावावं लागतं. मी आदल्या रात्री आठचं एक आणि दोन तास आधीचं एक असं सगळ्यांच्या फोनवर स्वतः बसून लावून दिलं. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात अ‍ॅप झोपवून टाकतात, तिथे बॅटरीचं बंधन काढा.

शेवभाजी विथ वायफाय
गूगलचा फॅमिली ग्रुप केला तर 'फॅमिली' कॅलेंडर आपोआप तयार होतं, ते का नाही कोणी सांगत?

भुसावळ जंक्शन
कारण त्यात सगळे मिळून सहाच माणसं बसतात. खान्देशातलं कोणतं घर सहात बसतं भो? आणि एका वेळी एकाच फॅमिलीत राहता येतं, बदलायचं तर बारा महिन्यांतून एकदाच. नवराबायको पोरं एवढ्यांना ठीक. चार भावंडांच्या घराला साधं शेअर केलेलंच बरं.

भिंतीवरचं बरं
बरं, मानलं, दुबईवाल्या ताईंची माफी. तरी माझं मत तेच. ज्या घरात बोलणं आहे त्या घराला अ‍ॅप लागत नाही.

दुबईची नणंद नाही पण दुबईतच
माफी पोचली. बोलणं आमच्याकडे रोज आहे दादा, तासभर. तरी मागचा गुरुवार कोणाला आठवत नाही.

यावलची सून
ठरवलं. मास्तरांच्या तिथ्या वेगळ्या, 'घर' वेगळं, आबांसाठी भिंतीवर प्रिंट. या महिन्यापासून पाळीत ज्याचं नाव त्यानेच टाकायचं, मी फक्त माझं टाकणार, रिकामा मंगळवार दिसला तरी भरणार नाही. यांना सांगितलंय तसं, बघू. एकच शंका राहिली. यांच्या फोनचा जीमेल मोबाईलच्या दुकानातल्या पोराने काढून दिलेला, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. मग शेअर कसं करू?

भुसावळ जंक्शन
पासवर्ड शेअर करायला लागत नाही, पत्ता लागतो. त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये गूगलवर जा, वरतीच मेल आयडी दिसेल, तो जसाच्या तसा टाका. बहुतेक दुकानाचं नाव आणि पुढे आकडे असा काहीतरी असेल, घाबरू नका. पण फोन बदलायच्या आधी रिकव्हरीला त्यांचा चालू नंबर जोडून ठेवा, आजच.