अनुभव धागा: लेकरू बोलत नाही, तपासणी कशी झाली?

दोन वर्षांचं लेकरू ‘आई पाणी’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडत नसेल तर वाट न पाहता दाखवावं. पण आपल्या गावात ही तपासणी होते कशी, अडते कुठं? ज्यांनी केली, ज्यांच्या घरी झाली, त्यांनी लिहावं.

अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. अनोळखी डॉक्टरसमोर बोलकं पोरगंही गप्प बसतं, म्हणून मी आधीच यादी करते. कापूस वेचणीत आया वावरात असतात, मग आजीलाच विचारते. ‘बोलतो का?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘हो जी, त्याले सारं समजते.’ म्हणून वेगळं विचारते. हाक मारली की वळतो का? हवं ते बोटानं दाखवतो का? हातानं खूण न करता ‘चप्पल आण’ म्हटलं तर आणतो का?

आई, वाशीम जिल्हा
‘त्याचा बाप बी उशिराच बोलला,’ असं घरातले सारेच म्हणत. ताट पडलं की पोरगा दचके, त्यामुळे कानाची शंका कोणालाच नव्हती. पथकानं चिठ्ठी दिली. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासतात तिथं, त्याला झोपवून बेरा तपासणी केली. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते त्यात कळतं. जाड आवाज ऐकू येत होते. स, श सारखे बारीक आवाज येत नव्हते. कानाला ऐकायचं मशीन लावलं, तर पहिले दिवस काढून फेकायचा. आता ‘आत्या’ म्हणतो. एका चकरेत दोघांची मजुरी बुडते, तरी जा, बायांनो.

आजोबा, बुलडाणा जिल्हा
नात बोलावी म्हणून वेखंड घासलं, नारळ वाहिलं. कान सारखा वाहत होता, त्याचा इलाज झाल्यावर नातीचं बोलणं वाढलं.

शिक्षिका, मेळघाट
आमची लेकरं घरी कोरकू बोलतात. मराठीत विचारलं तर अर्धी मागं दिसतील. एका मुलीच्या नावापुढं ‘बोलण्यात मागं’ अशीच खूण झाली होती. तिच्या आजीनं कोरकूत विचारल्यावर ती थांबेचना. उलटंही घडतं. घरच्या भाषेतही न बोलणाऱ्या मुलाला ‘मराठी येत नाही, म्हणून’ सांगून परत पाठवतात. पथकासोबत कोरकू जाणणारी आशाताई हवीच.

आई, गडचिरोली जिल्हा
तपासणी झाली, बोलण्यासाठी थेरपी सांगितली. पण जिल्ह्याचं ठिकाण फार दूर. फोनवर व्हिडिओवरून थेरपी कोणी घेतली आहे का? लेकरू समोर बसतं का?