मदत हवी आहे : मुलांच्या खोलीतील पुस्तकांची फळी भिंतीत टिकत नाही

नीलपंख
नमस्कार. मुलांच्या खोलीत पुस्तकांसाठी भिंतीवर एक फळी बसवली आहे. काही दिवस ती व्यवस्थित राहते आणि मग वरचे स्क्रू प्लगसकट (स्क्रू पकडण्यासाठी भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या नळीसकट) बाहेर यायला लागतात. स्क्रू पुन्हा आवळले, जाड प्लग घातले, भोकात पुट्टी भरून ती वाळल्यावर त्यातच नवा प्लग ठोकला. यातले काहीही टिकलेले नाही. सध्या सगळी पुस्तके जमिनीवर पसरली आहेत आणि फळी कधी लागणार, या प्रश्नाने धाकट्याने मला भंडावून सोडले आहे. कोणता प्लग घ्यावा एवढेच कृपया सांगावे. मुलांची सुट्टी संपण्याआधी हे काम हातावेगळे करायचे आहे, त्यामुळे लवकर उत्तर मिळाले तर फार बरे होईल.

रंधा
प्लग कोणता घ्यावा हे भिंत कशाची आहे यावर ठरते, आणि नेमके तेच तुम्ही लिहिलेले नाही. भिंत विटांची आहे, काँक्रीटची आहे, पोकळ ब्लॉकची आहे की जिप्सम बोर्डची? फळीची लांबी-रुंदी किती आहे, खाली किती पट्ट्या आहेत आणि त्या पट्टीची उभी बाजू किती लांब आहे? एवढे कळल्याशिवाय दिलेले उत्तर म्हणजे निव्वळ अंदाज ठरेल.

जुनी_वीट
प्लास्टिकच्या प्लगांच्या मागे लागूच नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी भिंतीत लाकडी गुटका बसवत असत. तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी खाच छिन्नीने खणायची, ती पाण्याने चांगली भिजवायची, त्याच आकाराचा सागवानी गुटका सिमेंटमध्ये बसवायचा आणि सिमेंट पक्के होईपर्यंत पाणी मारत राहायचे. आत रुंद असल्यामुळे तो गुटका ओढून निघतच नाही. माझ्या घरातील जाडजूड ग्रंथांच्या फळ्या अशाच गुटक्यांवर आजही उभ्या आहेत.

पानगळ
भिंतीला भोके पाडण्याची गरजच काय? आता दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या मजबूत टेप मिळतात. आमच्याकडे मुलीच्या खोलीतील लहान कप्पा त्यावरच टिकून आहे. भिंत खराब होत नाही, धूळ उडत नाही आणि काम लगेच होते.

रंधा
पानगळ, तुमच्या कप्प्यात काय ठेवले आहे ते मला माहीत नाही, परंतु पुस्तकांसाठी हा उपाय सुचवू नये, अशी विनंती आहे. टेप भिंतीला चिकटत नाही, ती रंगाला चिकटते. रंग पुट्टीला चिकटलेला असतो आणि पुट्टी गिलाव्याला. यातला जो थर सर्वांत कच्चा, तो पोपड्यासारखा निघतो आणि त्याच्याबरोबर सगळे खाली येते. एक मीटर फळी पुस्तकांनी भरली की २० ते ३० किलो वजन सहज होते.

जुनी_वीट, तुमची पद्धत जाड विटांच्या भिंतीत उत्तमच आहे. परंतु चार इंची आडोशाच्या भिंतीत छिन्नी-हातोडीने खाच खणली तर तो ब्लॉकच दरजेतून सुटण्याची भीती असते. म्हणून भिंतीचा प्रकार आधी कळला पाहिजे.

नीलपंख
भिंत साधी भिंतच आहे. गिलावा आणि वर रंग. फळी १२० सेंटीमीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद असून प्लायवूडची आहे. दोन्ही टोकांना एकेक कोनी पट्टी आहे आणि पट्टीच्या दोन्ही बाजू १० सेंटीमीटरच्या आहेत. ड्रिल घरचेच आहे, हॅमरचे, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारे. आता तरी प्लगचे नाव सांगावे.

मेण_आणि_पॉलिश
प्लायवूडच्या कडा उघड्या ठेवल्या असतील तर त्यांतून ओलावा शिरतो आणि थर सुटू लागतात. कडांना लाकडी पट्टी किंवा एज बँड जरूर लावावा. मुलांच्या खोलीसाठी पाण्यावर आधारित पॉलिश घ्यावे, त्याला उग्र वास नसतो आणि ते लवकर सुकते. पॉलिशच्या दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवायला विसरू नये.

नीलपंख
कडांना पट्टी आधीच लावलेली आहे. प्रश्न पॉलिशचा नाही.

चौकस
नीलपंख ताई, 'साधी भिंत' यावरून काही कळत नाही, पण भोकातून पडणारी पूड सगळे सांगते. ड्रिल चालवताना भोकाखाली एक कागद धरा आणि पूड पाहा. सुरुवातीला राखाडी, वाळूसारखी पूड पडते, ती गिलाव्याची. त्यानंतर लाल पूड आली तर वीट; करडी पूड आणि बिट पुढे सरकायला कुरकुरत असेल तर काँक्रीट; पांढरट, पिठासारखी मऊ पूड आणि बिट लोण्यात शिरल्यासारखे आत गेले तर हलका एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे कप्पे असलेल्या काँक्रीटचा. बिट थोडे आत जाऊन अचानक मोकळे झाले तर पोकळ ब्लॉक, आणि पांढऱ्या पुडीबरोबर कागदाचे तुकडे निघाले तर जिप्सम बोर्ड. आधीच्या भोकांतून काय पडले होते ते आठवत असेल तर नवीन भोक पाडायचीही गरज नाही.

आणखी एक गोष्ट. ही भिंत घराच्या मूळ बांधकामातील आहे का?

नीलपंख
मूळ बांधकामातील नाही. पूर्वी ही एकच मोठी खोली होती. मुले मोठी होऊ लागली म्हणून मध्ये भिंत घालून तिचे दोन भाग केले. पूड पांढरी होती हे नक्की आठवते, कारण ती फरशीवरून पुसताना फार त्रास झाला. बिटही पटकन आत गेले होते. त्या वेळी मला वाटले की ड्रिल चांगले आहे.

चौकस
मग हा एएसी ब्लॉकच. या ब्लॉकमध्ये हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात, म्हणून तो वजनाला हलका असतो आणि आडोशाच्या भिंतीसाठी सोयीचा पडतो. पण साधा प्लग ज्या तत्त्वावर टिकतो ते तत्त्व इथे चालत नाही. स्क्रू आत गेला की प्लग फुगतो आणि भोकाच्या कडेवर दाबून बसतो. विटेची कड तो दाब सोसते, एएसी ब्लॉकची कड चुरते. शिवाय हॅमर चालू ठेवून भोक पाडले तर ते आतून मोठे आणि वेडेवाकडे होते. प्लग लहान असेल तर आणखी एक अडचण येते. गिलावा साधारण १२ ते २० मिलीमीटर जाड असतो, म्हणजे ३५ मिलीमीटरच्या प्लगचा जवळजवळ निम्मा भाग गिलाव्यातच राहतो. पुट्टीत ठोकलेल्या प्लगबद्दल तर बोलायलाच नको. पुट्टी भिंत गुळगुळीत करण्यासाठी असते, वजन पेलण्यासाठी नव्हे.

एएसी ब्लॉकसाठी वेगळे नायलॉनचे लांब प्लग मिळतात. त्यांच्या अंगावर पिळदार पाती असतात आणि ती ब्लॉकमध्ये रुततात. पाकिटावर ते कोणत्या ब्लॉकसाठी आहेत आणि किती मिलीमीटरचे बिट वापरायचे ते छापलेले असते. ते तंतोतंत पाळावे. हॅमर बंद ठेवावा, भोकातील पूड फुंकून किंवा ब्रशने काढावी, आणि जुन्या भोकांपासून चांगले अंतर सोडून नव्या ठिकाणी काम करावे. भोक पाडण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायर गेलेली नाही ना, याची खात्री करावी.

जुनी_वीट
भोकात सागाच्या बारीक चिपा घट्ट ठोकून त्यात स्क्रू पिळला तरी काम होते. एवढ्या सोपस्काराची गरज नाही.

चौकस
क्षमा करा, पण इथे मी सहमत नाही. चिपा ठोकताना पाचरीसारखा दाब पडतो आणि हा ब्लॉक त्यानेच फुटतो. पुढे लाकूड सुकून आक्रसले की पकड सैल होते. विटेच्या भिंतीवरचा अनुभव या भिंतीला जसाच्या तसा लावता येणार नाही.

रंधा
प्लग बदलला तरी पट्टीचा दोष राहीलच, तोही समजून घ्यावा. स्क्रू खाली घसरत नाहीत, ते बाहेर ओढले जात आहेत. पुस्तकांचे वजन २५ किलो धरू. ते भिंतीपासून सरासरी साडेबारा सेंटीमीटरवर आहे आणि पट्टीची उभी बाजू १० सेंटीमीटर आहे. म्हणजे वरच्या स्क्रूंवर मिळून ३१ किलोंच्या आसपास बाहेरची ओढ पडते. पट्टीची उभी बाजू २० सेंटीमीटर असती तर हीच ओढ निम्मी झाली असती. आता २० किलोंचे मूल फळीच्या पुढच्या कडेला लोंबकळले तर १० सेंटीमीटरच्या पट्टीवर ओढ आणखी ५० किलोंनी वाढते. मुलांच्या खोलीत हे गृहीत धरूनच फळी बसवावी लागते, कारण मुले वरचे पुस्तक काढताना फळीला हात घालतातच.

दुसरे म्हणजे १२० सेंटीमीटरला दोनच आधार अपुरे आहेत. पुस्तके दाटीने भरलेली असताना आधारांमधले अंतर दुप्पट केले तर फळीचा वाक सोळापट होतो. मध्ये तिसरी पट्टी हवीच.

गोष्टीवेल्हाळ
फळी मुळात किती उंचीवर आहे? लहान मुलाला पुस्तकाचा कणा दिसून उपयोग नसतो; ज्याला अजून वाचता येत नाही, ते मूल पुस्तक मुखपृष्ठावरून ओळखते. मुखपृष्ठे समोर दिसतील असे उथळ कप्पे मुलाच्या छातीच्या उंचीवर ठेवले तर ते स्वतः पुस्तक काढते आणि स्वतः परत ठेवते. आमच्याकडे थोडीच पुस्तके बाहेर ठेवून बाकीची आत ठेवायला आणि अधूनमधून बदलायला सुरुवात केली, तेव्हापासून विसरलेली पुस्तकेही मुले नव्याने वाचू लागली.

रंधा
आपला मुद्दा चांगला आहे, पण धागा भिंतीबद्दल आहे. त्यासाठी वेगळा धागा काढता येईल.

गोष्टीवेल्हाळ
मला तो वेगळा वाटत नाही. फळी कमी उंचीवर बसवली तर मूल लोंबकळणार नाही आणि पडलीच तर उंचावरून पडणार नाही. आपण हिशेब मांडला तो वजनाचा. मी उंचीचा प्रश्न विचारते आहे. नीलपंख, कृपया उंची सांगावी.

नीलपंख
सगळ्यांचे आभार. एएसीचे प्लग आणि मोठ्या पट्ट्या आणते. मधली पट्टी मात्र लावता येईल असे वाटत नाही, कारण फळीची जागा मुलांच्या पलंगाच्या वरच आहे आणि तिथे पट्टीचा कोपरा धाकट्याच्या डोक्याला लागेल. त्याची उशी बरोबर तिथेच असते.

चौकस
ताई, मग मी वर लिहिलेले तूर्त बाजूला ठेवा. झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर पुस्तकांची फळी नको, प्लग कितीही चांगला असला तरी. ज्या भिंतीतून स्क्रू निघण्याचा अनुभव आलेला आहे, त्या भिंतीवर तर नकोच.

रंधा
पूर्ण सहमत. ही माहिती पहिल्याच प्रतिसादात मिळाली असती तर मी पट्ट्यांचा हिशेब मांडलाच नसता. ती फळी आजच उतरवावी.

नीलपंख
फळी उतरवलेलीच आहे. पण मग पुस्तके ठेवायची कुठे? खोली अर्धी झाल्यामुळे जमिनीवर जागा नाही. पलंग, अभ्यासाचे टेबल आणि दार एवढ्यातच भिंती संपतात. जागा असती तर मी हा खटाटोप केलाच नसता.

गोष्टीवेल्हाळ
पलंगाच्या पायथ्याशी आणि दाराच्या मागे किती जागा आहे?

नीलपंख
दाराच्या मागे काही नाही, दार पूर्ण उघडते. पायथ्याशी भिंतीपर्यंत ३५ सेंटीमीटरची पट्टी आहे. तिथे सध्या खेळण्यांची टोपली आहे.

रंधा
मग तुमची जागा तीच. आहे ती फळी कापून ६० सेंटीमीटरचे दोन तुकडे करा. त्यांना दोन बाजू, वरची फळी आणि पाठीमागे एक पत्रा जोडला की जमिनीवर उभे राहणारे २५ सेंटीमीटर खोल आणि साधारण ९० सेंटीमीटर उंच शेल्फ होईल. फक्त सगळ्यांत खालचा कप्पा जमिनीपासून थोडा वर घ्या. सगळे वजन जमिनीवर जाईल आणि भिंतीवर राहील ते केवळ शेल्फ पुढे कलंडू न देण्याचे काम.

आणि ते काम टाळू नका. शेल्फ बुटके आहे म्हणून ते पडणार नाही, असे समजू नये. मूल कप्प्यांचा शिडीसारखा उपयोग करून चढले की वजनाचा तोल पुढे येतो आणि शेल्फ त्याच्यासकट कलंडते. वरच्या कडेला दोन एल पट्ट्या लावून ते भिंतीला बांधावे. इथे मात्र चौकस यांनी सांगितलेले एएसीचे प्लगच वापरावेत. जड पुस्तके तळाच्या कप्प्यात ठेवावीत. आणि मुलांना हवेसे वाटणारे काहीही सर्वांत वर ठेवू नये, कारण चढण्याचे कारण तेच असते.

पानगळ
एवढे लहान शेल्फ टेपने भिंतीला जोडले तर चालेल ना? वजन तर जमिनीवर आहे.

रंधा
नाही. चढलेल्या मुलाची ओढ वजनापेक्षा वेगळी आणि अचानक असते. रंगाच्या थराच्या भरवशावर ती सोडता येणार नाही.

नीलपंख
हे जमेल असे वाटते. मोठ्या मुलीला मोजमापे घ्यायला आणि पॉलिश पेपर फिरवायला बरोबर घेते. तिला असे काम आवडते. एक शेवटचा प्रश्न. भिंतीला खाली टाइलची स्कर्टिंग आहे आणि ती भिंतीपासून बोटभर पुढे येते. शेल्फ तिला टेकले की वर भिंत आणि शेल्फ यांमध्ये फट राहते. पट्टीचा स्क्रू आवळल्यावर शेल्फ मागे कलणार नाही का?

चौकस
कलेल, आणि पट्टीही वाकेल. दोन उपाय आहेत. बाजूच्या फळ्यांच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात स्कर्टिंगच्या उंचीइतकी आणि जाडीइतकी खाच कापावी, म्हणजे शेल्फ भिंतीला सपाट बसेल. कापणे अवघड वाटत असेल तर स्कर्टिंगच्याच जाडीची लाकडी पट्टी शेल्फच्या पाठीमागे वरच्या कडेला आडवी लावावी आणि एल पट्टीखालच्या फटीतही तीच पट्टी येऊ द्यावी. मात्र स्क्रूची लांबी तेवढी वाढवा, नाहीतर तो प्लगच्या टोकापर्यंत पोहोचणार नाही. स्कर्टिंगची जाडी दोन-तीन ठिकाणी मोजा. टाइल सगळीकडे सारखी बसवलेली असतेच असे नाही.

मेण_आणि_पॉलिश
फळी कापल्यावर नव्या कडा उघड्या पडतील. त्यांना पट्टी लावावी.

नीलपंख
हो, या वेळी तो प्रश्न खरोखर आहे. त्या कडांसाठी किती रुंदीची पट्टी घ्यावी? प्लायवूड १८ मिलीमीटरचे आहे.

मेण_आणि_पॉलिश
१८ मिलीमीटरच्या कडेला २२ मिलीमीटरची पट्टी घ्यावी. दोन्ही बाजूंना थोडी बाहेर राहू द्यावी आणि गोंद पूर्ण सुकल्यावर जादाचा भाग धारदार पात्याने कापून कडेवर पॉलिश पेपर फिरवावा. पाते तुम्हीच चालवावे, मुलीला पॉलिश पेपर द्यावा.