एक्स्ट्रा लाइट लावल्यापासून हेडलाइटचा फ्यूज उडतोय, मोठा टाकू का?

आजऱ्याचा_गडी

नमस्कार मंडळी. महिंद्राची एमएम ५४० जीप आहे माझी, १९९६ ची, आधीच्या मालकाने सगळं वायरिंग नवीन करून ब्लेड फ्यूजचा बॉक्स टाकलेला. महिन्यातून दोनदा तरी सावंतवाडीला जाणं होतं आणि पावसाळ्यात आंबोलीत धुकं असं असतं की बॉनेटच्या पुढचं काय ते देवालाच माहीत, म्हणून मे महिन्यात बंपरवर ५५ वॅटचे दोन पिवळे हॅलोजन बसवून घेतले. बसवणाऱ्याने अर्ध्या तासात उरकलं, मी पण खूश. आता झालंय असं की हेडलाइट आणि हे दोन्ही चालू ठेवले की दहाएक मिनिटांत डॅशबोर्डवरचा स्विच हाताला चटका देतो, प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतो आणि मग फ्यूज उडतो. फ्यूज एकच असल्यामुळे हेडलाइट पण जातात. मागच्या शनिवारी धबधब्याच्या वरच्या वळणावर गपकन अंधार झाला, बायको शेजारी, मागं एसटी. पार्किंग लाइटवर गाडी कडेला कशी घेतली ते मलाच ठाऊक. बसवणारा म्हणतो काही नाही हो, १५ अँपिअरचा काढून ३० चा टाका. टाकू का?

घाटवाट

नको नको नको. भावा, फ्यूज लाइटसाठी नसतो, वायरसाठी असतो. ३० चा हिरवा टाकलास की फ्यूज उडायचा बंद होईल आणि त्याच्या जागी वायर जळेल, आणि ती डॅशबोर्डच्या मागं जळते जिथं तुझा हात पोचत नाही. ज्याने हा सल्ला दिला त्याच्याकडे परत जाऊ नकोस एवढंच सांगतो.

वायरिंगकाका

हिशोब करून बघा म्हणजे पटेल. हेडलाइटचे दोन लो बीम ५५-५५, तुमचे दोन ५५-५५, झाले २२० वॅट. १२ व्होल्टने भागा, १८ अँपिअरच्या वर जातं, आणि इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या आसपास असतं म्हणजे अजून थोडं जास्तच. १५ चा फ्यूज एवढ्यावर लगेच उडत नाही, तापत तापत काही मिनिटांनी उडतो, तुमची दहा मिनिटं तीच. म्हणजे फ्यूजने काम चोख केलंय. त्या पठ्ठ्याने हेडलाइटच्याच वायरला टॅप मारून सगळा करंट स्विचमधून फिरवलाय, रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) टाकलेलाच नाही, पैज लावतो. वायर कसली वापरलीय ते पण बघा. अर्धा स्क्वेअर एमएमची असेल तर चार मीटरला दहा अँपिअरवर दीड व्होल्ट वायरच खाते, म्हणजे लाइट मिणमिणते आणि वायर गरम.

आजऱ्याचा_गडी

काका बरोब्बर! आत्ता टेप उकलून बघितली. हेडलाइटची वायर ब्लेडने सोलून त्यावर नवीन वायर नुसती पिळलीय, वर काळी टेप, तिचा गोंद वितळून बोटांना चिकटतोय आणि आतलं तांबं हिरवट पडलंय. रिले बिले काही नाही. हे मला घरी जमेल का? सोल्डरिंग येतं थोडंफार.

वायरिंगकाका

जमेल की, एका रविवारचं काम आहे. पहिलं बॅटरीच्या प्लसचं आणि मायनसचं टर्मिनल काढा, त्यात पण मायनस आधी, नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी उडेल. १२ व्होल्टचा चार पिनी रिले घ्या. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीच्या प्लसवरून वायर, ८७ वरून दोन्ही लाइटला, ८६ ला स्विचची वायर, ८५ अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला. ३० ला येणाऱ्या वायरीत १५ चा वेगळा फ्यूज टाका, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच पाहिजे, कारण पुढं कुठं वायर घासून बॉडीला लागली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला वाचवणारं काही नसतं. ही वायर अडीच स्क्वेअरची. स्विचला मात्र बारीक चालते, तिथून आता फक्त रिले ओढण्यापुरता करंट जाणार. स्विचचं कनेक्शन पार्किंग लाइटवरून घ्या म्हणजे पार्किंग लाइट बंद केले की हे पण बंद, चालू राहिले असं होत नाही.
रिले पिना खाली करून लावा, उलटा लावला की वाटी होते आणि त्यात पाणी साचतं. पत्र्यातून वायर जाते तिथं भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी, पाहिजेच. आणि भोकाच्या आधी वायरीला खाली एक झोका द्या, पाणी तिथूनच ठिबकून जाईल, वायरीवरून आत येणार नाही. सोल्डरपेक्षा वायरीच्या टोकाला लग (धातूची टोपी) नीट दाबून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, घाला. जीप एवढी हादरते की सोल्डरच्या कडेला वायर कडक होऊन तुटते, मी स्वतः दोनदा फसलोय.

सह्याद्रीफिरस्ता

वायरिंगचं काकांनी सगळं सांगितलंच, माझं फक्त लावायच्या जागेबद्दल. धुक्याचे लाइट हेडलाइटच्या खाली आणि नाक जरा खाली झुकवून लावा. वर लावले की धुक्यावर उजेड आपटून परत डोळ्यांत येतो, पांढरी भिंत दिसते नुसती. आमचे एक दोस्त हौसेने छतावर लाइट बार लावून आले, धुक्यात एकदा पेटवला आणि परत कधी पेटवला नाही 😄 आणि समोरून गाडी आली की बंद करा राव, घाटात समोरचा आंधळा झाला तर तो आपल्याच अंगावर येतो. बुलगार्ड (बंपरपुढचा लोखंडी सांगाडा) लावून त्यावर लाइट असला विचार असेल तर तो सोडा, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून त्यावर कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२.

आजऱ्याचा_गडी

झालं काम! रविवार म्हणता म्हणता सोमवारची सकाळ उजाडली. सगळं काकांनी सांगितलं तसं केलं तरी डावा लाइट मंदच, डोकं धरून बसलो. शेवटी मीटर लावला, बॅटरीला १४, उजव्याला साडेतेरा आणि डाव्याला अकरा. अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला, तो पण जुन्या कारागिराचाच. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट परत आवळला, वर ग्रीस. आता दोन्ही सारखे. काल रात्री अर्धा तास चालू ठेवून स्विचवर बोट ठेवून बसलो होतो, थंडगार. घरचे म्हणाले याला झालंय काय.

घाटवाट

भारी. आता एक १५ चा निळा फ्यूज जादा घेऊन डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेव. आणि ती सोललेली हेडलाइटची वायर तशीच टेप मारून सोडली नाहीस ना?

आजऱ्याचा_गडी

…आज संध्याकाळी करतो.